थीम पार्कला मोठा कॅमेरा न्यावा का? (गुहागरहून इमॅजिका, नाताळची सुट्टी)

सुरूबन (गुहागर)

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं ठरतंय. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि माझे आईबाबा. गुहागरहून चिपळूण, मग महामार्गाने वाकण फाटा आणि तिथून पाली. रात्री पालीला मुक्काम, सकाळी लवकर बल्लाळेश्वराचं दर्शन आणि पार्क उघडायच्या वेळेला दारात. पार्क पाली-खोपोली रस्त्यावरच असल्यामुळे आपल्या बाजूच्या माणसांना द्रुतगती मार्गाच्या गर्दीत शिरावं लागत नाही, ही मोठी सोय आहे.

प्रश्न कॅमेऱ्याचा आहे. घरात निकॉन डी७२०० आहे, सोबत १८-१४० मिमीची झूम लेन्स, ७०-३०० ची लांबचं जवळ आणणारी लेन्स आणि ३५ मिमी एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्स जास्त उजेड आत घेते). बॅटरी-कार्डासकट बॉडी ७६५ ग्रॅम, १८-१४० म्हणजे ४९० ग्रॅम आणि ७०-३०० म्हणजे ७४५ ग्रॅम. एवढ्याचेच दोन किलो झाले. वर बॅग, चार्जर, मुलांचे कपडे, पाण्याच्या बाटल्या, आईची औषधं. नवऱ्याचं म्हणणं की फोन पुरे. मला मात्र आईबाबा आणि नातवंडं असे एकत्र फिरायला निघण्याचे प्रसंग फार थोडे वाटतात, आणि ते दिवस फोनच्या हजार फोटोंत गाडले जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. आमच्या घरातला लग्नाचा अल्बम सोडला तर आईचा नीट, मोठा करून लावावा असा एकही फोटो नाही.

ज्यांनी अशा ठिकाणी मोठा कॅमेरा नेलाय किंवा मुद्दाम नेला नाही, त्यांनी सांगा. राइडवर जाताना त्याचं काय करायचं? पाण्याच्या राइड आहेत, अंधाऱ्या राइड आहेत, बर्फाचंही दालन आहे.

खाडीकाठ (जयगड)

फोन न्या. आजकालचे फोन उजेडात झकास काम करतात. दिवसभर चालणं, रांगा, मुलं, त्यात बॅग कोण सांभाळणार?

दापोलीची_रेवा

सुरूबन ताई, मी दोन्ही करून पाहिलंय म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मोठा कॅमेरा नेला त्या दिवशी वजनाचा त्रास असा फार झाला नाही. त्रास झाला तो हातांचा. सहा वर्षांची मुलगी म्हणजे एक हात तिच्याकडे गेला. दुसऱ्या हातात तिची टोपी, तिचं अर्धं खाल्लेलं कणीस. गळ्यातला कॅमेरा मुलीला उचलून घेताना तिच्या कपाळाला लागतो, म्हणून तो पाठीवर फिरवायचा. मग समोर काही छान घडलं की तो पाठीवरून पुढे आणेपर्यंत ते संपलेलं असतं. रांगेत पाऊण तास उभं राहून आपली पाळी येते तेव्हा दारावरचा मुलगा सांगतो की सैल वस्तू आत चालणार नाहीत. मग नवरा बाहेर थांबला, मी गेले. पुढच्या राइडला मी थांबले, तो गेला. एकत्र बसायचं म्हणून गेलो होतो आणि दिवसभर आळीपाळीने एकेकटे बसलो.

आणखी एक. ज्याच्या हातात कॅमेरा तो फोटोत नसतो. तुमच्या घरी फोटो तुम्हीच काढता असं दिसतंय. तुमच्या मुलांना पुढे अल्बममध्ये आई दिसायला हवी, याचाही विचार करा.

प्रकाशमापक (रत्नागिरी)

मी लग्नं आणि कार्यक्रमांचे फोटो काढतो, त्यामुळे मोठ्या कॅमेऱ्याकडे माझा ओढा असणारच. तरी आधी फोनची बाजू सांगतो.

भर दुपारी, दोन-तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसांचा फोटो फोन उत्तम काढतो. डिसेंबरात ऊन तिरकं असतं, टोपीखाली चेहरा काळा पडतो. फोन अनेक चौकटी (फ्रेम) एकत्र करून ते आपोआप सांभाळून घेतो. डी७२०० वर हेच करायचं तर अंगचा छोटा फ्लॅश दुपारीसुद्धा उघडायला लागेल (१/२५० सेकंदापर्यंतच्या शटरला तो साथ देतो), आणि ते ठाऊक असणारे कमी.

फोन हरतो तो दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे अंतर. नायट्रो हा तिथला सगळ्यात मोठा रोलर कोस्टर, उंची साधारण ४० मीटर, पायाखाली तळ नसलेला, पाच वेळा उलटा होणारा. समजा मुलाचे बाबा त्यात बसलेत आणि तुम्ही ४० मीटरवर खाली उभ्या आहात. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात तेवढ्या अंतरावर जवळजवळ ६० मीटर रुंदीचं दृश्य येतं. त्यात माणूस म्हणजे ठिपका. तुमच्या १८-१४० लेन्सला १४० वर नेलं तर त्याच अंतरावर पावणेसात मीटरच येतात. एका ओळीत शेजारी शेजारी बसलेले चारही जण चेहऱ्यासकट दिसतील. शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवा. म्हणूनच ७०-३०० ची गरज नाही; १४० पुरतं. ती ७४५ ग्रॅमची लेन्स गुहागरलाच राहू द्या.

दुसरं म्हणजे कमी उजेडात हलणारं माणूस. फोनचा रात्रीचा मोड चौकटींवर चौकटी रचून चित्र उजळ करतो, पण मूल त्या अवधीत हललं की चेहरा पुसट होतो. मुलं तर हलतातच. संध्याकाळी दिवे लागल्यावर किंवा आतल्या दालनात तुमची ३५ एफ १.८ खरी कामाला येईल. १८-१४० ३५ मिमीच्या आसपास एफ ४ च्या पुढे फारशी उघडत नाही. त्या तुलनेत एफ १.८ जवळजवळ पाचपट प्रकाश आत घेते. वजन फक्त २०० ग्रॅम. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० ला नेला तरी डी७२०० अजिबात कुरकुर करत नाही.

राइडच्या आत, अंधारात फ्लॅश मात्र मारू नका. मागच्या-पुढच्या सगळ्यांचा अनुभव त्याने नासतो, आणि फोटोही येत नाही; समोरचा पडदा पांढरा पडतो.

एक लेन्स निवडायची तर १८-१४०. बॅटरीची चिंता करू नका, एका चार्जवर हजारच्या वर फोटो निघतात. चार्जर मुक्कामाच्या खोलीत ठेवा.

तारकर्लीचो_झील

ताईनू, कॅमेरो न्हेवा, पण लेन्स एकच न्हेवा. पाटयेर बोजो घेवन दिसभर फिरूक झेपाचा नाय.

बाकीचं सगळ्यांसाठी प्रमाण मराठीत लिहितो. आमचा होडीचा धंदा, मालवणात पर्यटक रोज बघतो. गळ्यात मोठा कॅमेरा असलेला माणूस होडीत चढताना एका हाताने कॅमेरा धरतो आणि दुसऱ्या हाताने मूल. दोन्ही नीट धरता येत नाहीत. म्हणून आम्ही चढायच्या आधीच सांगतो, आधी मूल आमच्याकडे द्या, मग कॅमेरा बॅगेत घाला, मग तुम्ही या. पार्कमधल्या पाण्याच्या राइडचंही तेच. बोट उंचावरून खाली येऊन पाण्यावर आदळते तिथे काठाशी उभं राहून फोटो घेणाऱ्यावरसुद्धा तुषार येऊ शकतात. लांबून, लेन्स वाढवून घ्या. तोंड गुंडाळून बंद होणारी, आत पाणी न शिरणारी पिशवी (ड्राय बॅग) मिळते, दहा लिटरची पुरे. सगळे राइडमध्ये जाणार असतील तर कॅमेरा त्या पिशवीत घालून लॉकरमध्ये.

सुरूबन (गुहागर)

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! रेवा, तू लिहिलेलं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला हेच मी सांगत होतो.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. बाबांची बायपास झालेली आहे. त्याला बरीच वर्षं झाली, तब्येत चांगली आहे, रोज सकाळी किनाऱ्यावर चालतात. पण हृदयविकार असलेल्यांनी मोठ्या राइडवर बसू नये असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि आम्हीही बसू देणार नाही. आई वेगाच्या कशातच बसणार नाही, ती आधीच सांगून मोकळी झालीय. गोल फिरणाऱ्या घोड्यांवर नातीबरोबर बसेन म्हणते. म्हणजे बराच वेळ ती दोघं बाकावर असणार.

प्रकाशमापक दादा, ७०-३०० घरी ठेवायचं पटलं.

रोल_छत्तीसचा (अलिबाग)

मग तुमचा कॅमेरा कोणी धरायचा हे ठरलंच की. बाबांनी!

मी त्यांच्याच वयाचा असेन. एस्सेलवर्ल्ड १९८९ साली गोराईला सुरू झालं तेव्हा आमच्याकडे फिल्मचा कॅमेरा होता. ३६ फोटोंचा एक रोल, तोही दिवसभर पुरवायचा. लाँचमध्ये चार, फाटकाशी दोन असा हिशेब घरातून करून निघायचो. मुलं झोक्यात, पाळण्यात. मी खाली उभा. झोका पुढे येण्याआधी श्वास रोखून थांबायचं आणि एकदाच बटण दाबायचं. एस्सेलवर्ल्ड २०२२ पासून बंद आहे, पण त्या रोलमधले फोटो आमच्या भिंतीवर आहेत आणि नातवंडं त्यांच्यापुढे उभी राहून विचारतात, हा झोक्यातला कोण.

खाली थांबणाऱ्या माणसाला दिवस फार लांब वाटतो हो. सगळे हसत ओरडत वर जातात, आणि आपण पिशव्या राखत बसतो. हातात कॅमेरा असला की त्या बसण्याला काम मिळतं. तुमच्या बाबांना फोटोंची आवड आहे का, ते लिहा.

मीठभाकर (श्रीवर्धन)

रोलकाका, तुमचा मुद्दा समजतो, पण मला दुसरी बाजू मांडायचीय. घरातल्या ज्येष्ठ माणसाला आपण फार सहज हमाल करतो. "बाबा बसणारच आहेत, त्यांच्याकडे द्या", असं म्हणत म्हणत कॅमेरा, चपला, ओले कपडे, पाकिटं, सगळं त्यांच्या मांडीवर येतं. माझ्या सासऱ्यांना एका सहलीत असंच बसलेलं मी पाहिलंय. दोन्ही बाजूंना पिशव्या, पट्टे मनगटाला गुंडाळलेले, आणि चहा घ्यायला उठायचं तर सामान कोणाकडे द्यायचं म्हणून बसूनच राहिले. त्यांनी तक्रार केली नाही. करणार नाहीतच ते. त्या पिढीचा तसा स्वभावच नाही.

म्हणून आधी विचारा. "धराल का" असं विचारू नका. "काढाल का" असं विचारा. आवडत नसेल तर कॅमेरा घरी, आणि त्यांना हात मोकळे ठेवून आईंबरोबर फिरू द्या. पिशव्यांसाठी लॉकर घ्या, त्यात हयगय करू नका.

रोल_छत्तीसचा (अलिबाग)

हे अगदी बरोबर बोललात. काढणारा आणि राखणारा यात फार अंतर आहे.

देवरुखचा_वाटाड्या

विषयाला सोडून, पण रस्त्याबद्दल. नाताळच्या आठवड्यात महामार्गावर माणगावला गाड्या अडतात. चिपळूणहून सकाळीच निघा, म्हणजे दुपारी पालीला पोहोचून आराम होईल. वाकणला उजवीकडे वळायचं. दुसऱ्या दिवशी वेळ उरला तर पुढे खोपोलीकडे महडचा वरदविनायक आहे; आईबाबा बरोबर आहेत तर अष्टविनायकातले दोन होतील.

सुरूबन (गुहागर)

आज बाबांना विचारलं. मीठभाकर, तुम्ही सांगितलंत तस्संच, "काढाल का" म्हणून.

आधी म्हणाले, हा तुमचा महागाचा कॅमेरा, माझ्या हातून पडला तर. मग कपाटातून त्यांचा जुना कॅमेरा काढला, कातड्याच्या म्यानातला. मला तो आठवत होता, पण ते तो इतका जपून ठेवतात हे ठाऊक नव्हतं. शटर आणि छिद्र (लेन्समधलं, उजेड आत सोडणारं, म्हणजे अ‍ॅपर्चर) म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं! डी७२०० हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "यात फोकस हाताने करता येतो का?" लेन्सवरची कळ एम वर सरकवून दिली तर खिडकीतून नारळाच्या झावळ्यांवर फोकस करत बसले. नंतर जेवताना आईला म्हणाले, तू ती मोरपंखी साडी घे बरोबर.

तेव्हा कॅमेरा निघाला. माझे उरलेले प्रश्न: बायपास झालेल्या माणसाच्या गळ्यात १२५५ ग्रॅम (बॉडी अधिक १८-१४०) दिवसभर ठीक आहे का? ३५ पण न्यावी की नाही? आणि बर्फाच्या दालनाचं काय करायचं?

प्रकाशमापक (रत्नागिरी)

गळ्यात नकोच. कंपनीचा अरुंद पट्टा मानेवर काचतो. रुंद पट्टा घ्या आणि तो आडवा, एका खांद्यावरून विरुद्ध कमरेकडे असा घाला. कॅमेरा कमरेशी टेकतो, भार खांद्यावर पसरतो, आणि उचलताना पट्ट्यावरून सरकत वर येतो. बाकावर बसले की मांडीवर. तरीही छातीवर पट्टा येतोय, तेव्हा घरी तासभर घालून फिरून बघू दे. टोचत असेल तर साधी खांद्याची बॅग.

३५ न्या, पण ती तुमच्या पर्समध्ये. दिवे लागल्यावर एकदाच बदलायची, आणि तीही बसून, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून. १८-१४० काढून ३५ लावली की हातातलं वजन २९० ग्रॅमने उतरतं. दिवसभर फिरलेल्या माणसाला संध्याकाळी ते जाणवतं.

त्यांना अनोळखी मेनूंमध्ये अडकवू नका. आयएसओ ऑटो करून कमाल ३२०० ठेवा, मोड शटर-प्राधान्याचा (शटरचा वेग आपण ठरवायचा, छिद्र कॅमेरा ठरवतो), दिवसा १/५००. मोठ्या राइडसाठी १/१००० करायचं हे एकच चाक दाखवून ठेवा.

आर्द्रता_नव्वद (चिपळूण)

बर्फाच्या दालनाबद्दल मी लिहितो, कारण दमट हवा आणि लेन्स हा माझा रोजचा विषय आहे.

आत तापमान शून्याखाली. कॅमेरा आत नेला की थोड्या वेळात काच आणि धातू गार होतात. बाहेर आलात की बाहेरच्या उबदार हवेतली वाफ त्या गार काचेवर पाणी होऊन बसते. वरच्या काचेवरचं पाणी पुसता येतं. आतल्या भिंगांवर आणि सेन्सरपाशी बसलेलं पुसता येत नाही, आणि आपल्याकडे बुरशीची सुरुवात होते ती अशाच ओलीतून. शिवाय लोक करतात ते आणखी वाईट: दव दिसलं की लेन्स काढून आत फुंकर मारतात, म्हणजे दमट हवा थेट आत.

शक्यतो कॅमेरा आत नेऊच नका. तिथे फोन चालेल, तोही खिशात उबेला ठेवून, कारण गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते. न्यायचाच झाला तर आत असतानाच, बाहेर पडण्यापूर्वी, चेन असलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीतली हवा दाबून काढा आणि तोंड घट्ट बंद करा. बाहेर आल्यावर निदान अर्धा तास उघडू नका. पाणी पिशवीवर बसेल, कॅमेऱ्यावर नाही. थंडगार वातानुकूलित गाडीतून उतरतानाही हाच नियम पाळा. गाडीत कॅमेरा झोताच्या समोर ठेवू नका.

घरी आल्यावर लगेच बॅग बंद करून कपाटात टाकू नका. कॅमेरा आणि लेन्स पुसा, बॅग पंख्याखाली उघडी वाळवा. मग हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि दीडवितीचा का होईना एक आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहिला पाहिजे. ६० च्या वर दीर्घकाळ राहिला की बुरशीला अनुकूल. पावसाळ्यात आमच्याकडे बाहेर ९० असते. निळी सिलिका गुलाबी झाली, किंवा नारिंगी हिरवी झाली, की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा रंगावर आणायची. तो तवा स्वयंपाकाला वापरू नका. गुहागरला समुद्र दाराशी आहे, तेव्हा हे सहलीपुरतं नाही, कायमचं करा.

दापोलीची_रेवा

सुरूबन, बाबांचं वाचून फार बरं वाटलं. एकच विनंती, फोटो काढणाऱ्या बाबांचे फोटो तू तुझ्या फोनवर काढ. ते डोळ्याला कॅमेरा लावून उभे असताना.

सुरूबन (गुहागर)

जाऊन आलो. उशिरा लिहितेय, घरी पाहुणे होते.

कॅमेरा, एक लेन्स, माझ्या पर्समध्ये ३५. बाकी सामान दारातच लॉकरमध्ये ठेवलं. बाबांकडे कॅमेरा आणि पाण्याची बाटली, याखेरीज काहीही दिलं नाही. माझे दोन्ही हात मोकळे होते, मी मुलांबरोबर राइडवर बसले, आणि किती तरी फोटोंत आहे.

मुलाला डायनासोरचं वेड आहे, त्यामुळे पहिली धाव राजासॉरसच्या बोटीकडे. राजासॉरस हा खरोखरच आपल्याकडचा डायनासोर, गुजरातेत नर्मदेच्या परिसरात त्याचे अवशेष मिळाले आणि २००३ मध्ये त्याचं नामकरण झालं, हे रांगेत त्याने सगळ्यांना ऐकवलं. बाबा काठापासून बरेच मागे थांबले. बोट खाली येतानाच्या चित्रांत नवऱ्याचे डोळे मिटलेत, मुलाचे टक्क उघडे आहेत.

नायट्रोवर नवरा एकटा गेला. १/१००० आणि १४०, प्रकाशमापक दादा, तुम्ही सांगितलेलं तंतोतंत. चौघांची ओळ चौकटीत नेमकी बसली. पहिली फेरी बाबांनी नुसती बघितली. गाडी कुठे येते, ऊन कुठून पडतं, हे पाहून घेतलं आणि पुढच्या फेरीत नवरा असताना काढले. मी एवढा धीर धरला नसता.

पण ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो फोटो घोड्यांवरचा आहे. आई आणि माझी मुलगी शेजारशेजारच्या घोड्यांवर. बाबांनी कळ एम वर सरकवली. घोडे फिरत असले तरी दर फेरीला एका जागी त्यांचं अंतर तेच असतं, म्हणून त्या जागी आलेल्या भलत्याच घोड्याच्या दांड्यावर आधीच फोकस करून ठेवला आणि फेऱ्या मोजत उभे राहिले. आई आधी दांडा दोन्ही हातांनी धरून ताठ बसली होती. तिसऱ्या का चौथ्या फेरीला मुलगी काहीतरी बोलली, आईने एक हात सोडला आणि तिच्या पाठीवर ठेवला, मान मागे टाकून हसली. मोरपंखी पदर उडालेला, पुढचे दोन दात नसलेली मुलगी तिच्याकडे बघतेय. मागचे दिवे पुसट गोल झालेत. बाबांनी एकदाच बटण दाबलं होतं. रोलकाका, तुमची आठवण झाली.

रेवा, तू सांगितलेलाही काढलाय.

बर्फात फक्त मी आणि मुलं गेलो, फोन घेऊन. संध्याकाळी ३५ लावली आणि बाबांनी कॅमेरा मुलाच्या हातात दिला. त्याने दिव्यांचे काढले, आम्हा सगळ्यांचे काढले. थोडे हललेत, पण आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या खिडकीतून (व्ह्यूफाइंडरमधून) बघून काढलेत त्याने. आता रोज विचारतो, आजोबा, छिद्र म्हणजे काय.

अडचण काय आली तेही लिहिते. आडवा पट्टा बाबांना चालला, पण दुपारनंतर खांदा दुखायला लागला, तेव्हा जेवणानंतर तासभर कॅमेरा मी घेतला आणि तेवढ्या वेळात माझा एकही फोटो नाही. सहा वर्षांच्या मुलीला उंचीमुळे काही राइडवर घेत नाहीत, त्यांची यादी आधी बघून जा म्हणजे रांगेच्या तोंडाशी रडारड होत नाही. आणि घरात खाली थांबणारं कोणी नसेल, सगळेच सगळीकडे बसणारे असतील, तर मी मोठा कॅमेरा नेणार नाही. तो लॉकरमध्येच राहील.

मीठभाकर (श्रीवर्धन)

तो घोड्यांवरचा मोठा छापून घ्या. मॅट कागदावर घ्या, चकचकीत कागद आपल्या दमट हवेत काचेला चिकटतो. फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामधे पुठ्ठ्याची चौकट ठेवायला सांगा.

सुरूबन (गुहागर)

हो, चिपळूणला छापायला दिलाय. पुठ्ठ्याच्या चौकटीचं आजच फोन करून सांगते.

सड्यावरची_करवंदं (राजापूर)

धागा उशिरा वाचला, फार उपयोगी. आम्ही पुढच्या महिन्यात मालवण-तारकर्लीला जातोय. पार्क नाही, पण प्रश्न तोच. सासूबाई पाण्यात उतरणार नाहीत, त्यांना फोटो काढायला आवडतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत मोठा कॅमेरा नेला तर चालेल?

तारकर्लीचो_झील

चालेल. मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटते, अंतर थोडं आहे. चढता-उतरताना कॅमेरा बंद पिशवीत, होडी स्थिर झाली की बाहेर. किल्ल्यावर उतरल्यावर सासूबाईंना घाई करू नका, तटावरून चांगले फोटो मिळतात. पाण्यातले खेळ चालतात तिथे मात्र त्यांना वाळूत मागे, कोरड्या जागी बसवा. कॅमेरा वाळूवर ठेवायचा नाही, लेन्स तिथे बदलायची नाही. दुपारनंतर वारा सुटतो आणि खारे तुषार लांबवर येतात, डोळ्यांना दिसत नाहीत पण काचेवर बसतात. संध्याकाळी खोलीवर आलात की मऊ फडकं गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, बॉडी आणि लेन्सचं बाहेरचं अंग त्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने. पुढच्या काचेवर आधी रबरी फुंकणीने (ब्लोअरने) हवा मारा आणि मगच पुसा, नाहीतर मिठाचे आणि वाळूचे कण काचेवर घासले जातात.